कोरी डिस्क

वडील गेल्यावर त्यांचे मोबाइलमधले व्हिडिओ आईच्या जुन्या प्लेअरवर दिसावेत म्हणून धाकट्याने रात्री जागून फाइली कन्व्हर्ट केल्या, डिस्क बर्न केली, आणि धांदरटासारखी आईला नेऊन दिली शेजारी पडलेली कोरीच! भरलेली डिस्क ड्राइव्हमध्येच राहिली होती. ती घेऊन तो जीभ चावत आईकडे धावला.

दारातच तो थबकला. प्लेअर चालू होता. टीव्हीत वडील बसले होते, आईने परवाच विणून संपवलेला स्वेटर घालून.

"अहो, धाकटा आलाय," आई टीव्हीकडे बघत म्हणाली.

वडिलांनी मान वळवली आणि त्याच्या हातातल्या डिस्ककडे पाहिलं.

"ती लावू नकोस, बाळा. त्यातला माणूस मी नाही."