खिडकीजवळची खुर्ची

चित्रकाराच्या घराचं संग्रहालय झालं, तेव्हा त्याची मुलगी साठीला टेकली होती. ओळख न देता, तिकीट काढून ती आत शिरली. माडीवरच्या खोलीत गाइड अगदी रंगात आला होता. "खिडकीशी बसलेल्या मुलीची ती गाजलेली चित्रं त्यांनी इथेच काढली. लेकीवर भारी जीव! आणि लेकही अशी गुणी, की दिवस दिवस या खुर्चीतून हलायची नाही."

लोक कौतुकाने माना डोलवत होते. मग एकेक जण त्या खुर्चीत बसून, चित्रातल्यासारखं उदास तोंड करून फोटो काढून घेऊ लागला. ती तडक दारापाशी गेली आणि कडीवर हात ठेवून म्हणाली,

"हलणार कशी मी? ही कडी बघा, बाहेरच्या बाजूला आहे. चित्रावर सही होईपर्यंत बाबा दार उघडायचे नाहीत. तहानेने रडले तरी नाही."

गाइड लगबगीने तिच्याजवळ आला.

"बाई, हात काढा आधी. कडी मूळची आहे, आम्ही मुद्दाम जपून ठेवलीय."