खुर्चीवरचं प्लास्टिक

"डेन्मार्कची खुर्ची हाय, आप्पा. सत्तर वर्षं जुनी, पण हिच्यात बसलेला माणूस उठायचं नाव घेत नाय," इंद्रजीत म्हणाला.

आप्पासाहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून गावाकडून शहरात, गारखेड्याच्या घरी आलेल्या वडिलांसाठी इंद्रजीतनं हौसेनं ही खुर्ची मागवली. दोरीनं विणलेली बैठक मळू नये म्हणून दुकानदारानं पाठवताना गुंडाळलेलं प्लास्टिक तसंच ठेवलं. त्या घरात टीव्हीच्या रिमोटचंही प्लास्टिक अजून निघालं नव्हतं.

आप्पासाहेब काठी टेकत खुर्चीपाशी गेले. तेवढ्यात प्लास्टिक कुरकुरलं, कुणी ऐसपैस बसावं तसं. खुर्ची रिकामीच होती.

"कुणीतरी बसलंय. उठू दे त्याला," म्हणत आप्पासाहेब उभेच राहिले. बसलेल्या माणसाला उठवायची त्यांना सवय नव्हती.

अर्ध्या तासानं प्लास्टिक पुन्हा वाजलं, कुणी उठल्यासारखं. आप्पासाहेब वळून टेकणार, तोच परत कुरकुर. दिवसभर हेच चाललं. संध्याकाळी गुडघा टम्म सुजला.

"मामा, नुसतं प्लास्टिक वाजतंय ते," सून तनुजा वैतागली. तिनं कात्रीनं सगळं प्लास्टिक फाडून काढलं. "आता वाजतंय का बघा."

काहीच वाजेना.

"व्हय, पण आता तो उठला का बसलाय, हे कळायचं कसं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

तनुजानं इंद्रजीतकडं पाहिलं. इंद्रजीतनं खुर्चीकडं.

गुडघा लईच ठणकायला लागला, तेव्हा आप्पासाहेब अंदाजानं बसले. ते बैठकीच्या वीतभर वरच टेकले, आणि त्यांचे पाय फरशीला पुरले नाहीत.