जीनगर

सेवकराम ऑटोच्या सीटला रेक्झिन शिवत होते, तेव्हा दुकानासमोर पांढरी घोडी येऊन थांबली. लगाम धरून करडी गावचा भुपेंद्र उभा होता. घोडी त्याचीच. लग्नाच्या वरातींना न्यायचा.

“काकाजी, हिच्या जिनीचा पट्टा तुटला. शिवून देता का?” मग दुकानावरच्या ‘जीनगर’ पाटीकडे पाहत तो म्हणाला, “जीनगर म्हंजे काय जी? जीन्स शिवनारे का?”

सेवकराम हसले नाहीत.

“जीन म्हंजे घोड्याच्या पाठीवरची. गर म्हंजे करनारा. जादूगर असते ना, तसा जीनगर. आजोबानं केल्या, बापानं केल्या, मीबी केल्या. मंग भंडाऱ्यातले टांगे बंद झाले. चाळीस वर्षं झाले, जीन गेली, नुसता गर राहिलो.”

भुपेंद्रनं जीन उतरवली. बाजारातून आणलेली, आत फोम भरलेली. खाली घोडीच्या पाठीवर बांगडीएवढी जखम होती.

सेवकराम उठून उभे राहिले.

“उद्या वरात हाये,” भुपेंद्र घाईनं म्हणाला. “खालून गोधडी टाकतो. तुमी पट्टा तेवढा शिवा.”

“उद्या हिच्यावर कोनी बसनार नाई.”

“मंग नवरदेव का पायी जाईन?”

“जाऊ दे पायी.”

त्यांनी जखम टाळून घोडीच्या पाठीवर हात ठेवला. घोडीची कातडी थरारली. हात तिथंच राहिला. मग खांद्याकडून मागं, मणक्याच्या एका बाजूनं, मग दुसऱ्या. टेप त्यांनी घेतलाच नाही. हळूहळू घोडीनं मान खाली सोडली.

“एवढी उभी तर माह्यापाशीबी नाई राहत,” भुपेंद्र पुटपुटला.

सेवकरामांनी ऐकलं नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते. नव्या जिनीचं माप केव्हाच घेऊन झालं होतं.

भुपेंद्रनं थोडा वेळ वाट पाहिली. मग खिशातून फोन काढून वरातवाल्यांना लावला. “भाऊ, उद्यासाठी दुसरी घोडी पाहा,” तो म्हणाला, “हिची पाठ सोलली हाये.” जीन दुकानातच ठेवून तो घोडीला घेऊन गेला. ती वळणाआड जाईपर्यंत सेवकराम रस्त्यातच उभे होते.

घरी बायकोनं, मनकर्णाबाईंनी, भात वाढला.

“हात धुवा ना जी.”

सेवकरामांनी उजवा तळवा नाकाशी नेला.

“राहू दे,” ते म्हणाले. “आज चमचा दे.”