पुढची दोन चाकं

ओढ्यात पिकअप रुतली, तशी मागं रुखवताची भांडी खणखणली. भाचीचा मुहूर्त तासावर आला होता.

"घाबरू नको," मुरली बायकोला म्हणाला. पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर जोडणारे, आपोआप लागणारे लॉक काढून त्यानं कालच हातानं फिरवायचे खटके बसवले होते. तो उतरला, खटका फिरवून ऐटीत परत बसला आणि फोर-बाय-फोर टाकून रेस दिली. नुसताच चिखल उडाला.

"फसलं गं माझं काम," त्याचा चेहरा उतरला.

"अहो, माझ्या बाजूचं चाक फिरवलंत का?"

हसू दाबत यशोदेनं नवी इरकल खोचली, चिखलात उतरून दुसरा खटका फिरवला. पिकअप हत्तिणीसारखी डुलत काठावर चढली.

"बघितलंस?" आनंदानं त्यानं शेजारी पाहिलं. सीट रिकामी होती.

"या आता," ओढ्यातून ती ओरडली, "मला पाठीवर घ्यायला!"