बाराचा भोंगा

"मी निवडून आले की पहिलं काम," एवढंच बाई म्हणाल्या आणि भोंगा वाजला.

बाजाराचं मैदान हसलं. हे आता ठरूनच गेलं होतं. बाई महापौरपदाला उभ्या राहिल्यापासून भर दुपारी इथे बोलायच्या आणि मैदानाला लागून असलेल्या कारखान्याचा भोंगा बाराच्या ठोक्याला त्यांचं वाक्य तोडायचा. पहिल्या दिवशी त्या गोंधळल्या. पण सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. वर्ग हाताबाहेर जाऊ देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. माईकला तोंड लावून त्या ओरडल्या होत्या, "पळा, जेवायची सुट्टी झाली." तेव्हापासून लोक भाषणाला कमी आणि त्या 'पळा'ला जास्त यायचे.

खरं तर भोंगा जेवणासाठी नव्हताच. भिंतीपलीकडे विषारी वायूच्या दोन टाक्या होत्या. त्या गळाल्या तर भोंगा आपोआप वाजणार आणि सगळ्यांनी नदीपलीकडे जायचं, असा नियम होता. भोंगा धड आहे ना हे बघायला बाईंचा थोरला भाऊ रोज बाराला किल्ली फिरवून तो वाजवायचा. कारखान्यात त्याला सगळे दादाच म्हणत. शहराने त्या आवाजावर घड्याळं लावली आणि त्याचं कारण विसरून गेलं.

बाई विसरल्या नव्हत्या. टाक्या शहराबाहेर हलवणं हेच त्यांचं पहिलं काम होतं. प्रचार बघणाऱ्या भाच्याने ते ऐकून कपाळाला हात लावला. निम्म्या घरांच्या चुली त्या कारखान्यावर पेटतात, त्यांना घाबरवून मतं मिळतात होय, असं त्याचं म्हणणं. मग आश्वासनांच्या यादीत टाक्या रस्त्यांच्या खाली गेल्या, तिथून दवाखान्याच्या खाली, आणि शेवटी पत्रकात मावल्याच नाहीत. पहिल्या जागी आलं ते बाराचा भोंगा बंद करणं. टाळ्या त्यालाच पडत होत्या. बाईंना स्वतःची लाज वाटायची, पण हरण्याची भीती लाजेपेक्षा मोठी होती.

आज शेवटची सभा. आज तरी वाक्य पुरं व्हावं म्हणून त्यांनी दादाच्या विनवण्या केल्या होत्या. नियमाचा पक्का माणूस, आधी ऐकेचना. शेवटी म्हणाला, "बरं. एक दिवस नाही वाजवत. तू निवांत बोल."

आणि तरी वाजवलाच. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्खा भाऊ, आणि बहिणीसाठी एक दिवस किल्ली खाली ठेवता येईना. त्या ओठ मिटून भोंगा संपायची वाट बघू लागल्या. पुढच्या रांगेतल्या बायका हसू दाबून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मांडवावरचे झेंडे कारखान्याकडून येणाऱ्या वाऱ्याने मैदानाच्या दिशेने ताठ झाले होते.

भोंगा संपेना.

तेवढ्यात त्यांना दादा दिसला. तो कारखान्यात नव्हताच. इस्त्रीचा सदरा घालून, वहिनींना घेऊन तो बहिणीचं भाषण ऐकायला आला होता. गर्दीच्या पार मागे उभा होता. तोंड पांढरंफटक पडलेलं. त्याने हात उंच केला. हातात किल्ली होती.

बाईंनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"पळा," त्या म्हणाल्या. "अहो, खरंच पळा."

मैदानाची हसता हसता मुरकुंडी वळली. पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "आज डब्यात काय आहे, बाई?"