फाटकापासून दारापर्यंत

“दोरी ताण जरा. ढाळ फाटकाकडेच पाहिजे,” मुरुगेशन मिस्त्रीला वेलायुधन म्हणाला आणि स्वतःच वाकून फरशी चाचपू लागला.

तांदूरची ती जाड फरशी पावसाळ्याआधीच येऊन पडली होती. पोरांनी शारजाहून फोनवरच पसंत केलेली. एक वेलायुधनचा शाजी, दुसरा त्याच्या थोरल्या बहिणीचा, कार्त्यायनीचेचीचा, मणिकंठन. शाजीची आई तो रांगत असतानाच गेली, तेव्हापासून बापलेक चेचीच्याच घरी. दोघा पोरांत मिळून एक गाडी घ्यायची, तिच्यासाठी दारापर्यंत दगडी वाट करायची, फटींतून हिरवळ लावायची, असे त्यांचे बेत. कामाला मुहूर्त काही लागत नव्हता. आता लागला, तो भलत्याच कारणाने.

मंगळवारी गावचा मेंबर हम्सा वेलायुधनला चहाच्या टपरीमागे घेऊन गेला. कामावरची परांची कोसळली, म्हणाला. मणिकंठन गेला. शाजी वाचलाय, पण जबड्याला मार आहे, बोलता येत नाही. शुक्रवारी तोच मयत घेऊन येतोय. चेचीला यातलं काही कळता कामा नये, पोरं रजेवर येताहेत एवढंच तिला सांगितलंय.

“तू खचलास तर तिला कोण सावरणार, वेलू? ती वाट पुरी कर. ॲम्ब्युलन्स दारापर्यंत गेली पाहिजे.”

वेलायुधनला रडू फुटलं. मणिकंठनला त्याने खांद्यावर बसवून उत्सवातले हत्ती दाखवले होते. रडता रडता एक विचार मात्र मनात येऊन गेलाच. माझा तर वाचला. त्याची त्याला इतकी लाज वाटली, की बहिणीच्या नजरेला नजर देववेना.

गावातले लोक त्याला पाहून बोलणं थांबवत. बरोबरच होतं, चेचीच्या कानावर जायला नको. घरी पेपरही येईनासा झाला. गल्फमधल्या मयतांचे फोटो त्यात हमखास असतात. हम्साने बंद करवला असणार, भला माणूस.

चेचीचं सगळं रोजच्यासारखंच चाललेलं. अंगण झाडायची, कामगारांना उकडलेला टॅपिओका आणि चटणी द्यायची. फक्त वेलायुधनला जेवताना आग्रह फार. गेल्या वर्षी त्याला हृदयविकाराचा झटका आला होता, त्याची गोळीसुद्धा आता समोर उभी राहून गिळायला लावायची. बिचारीला काही पत्ताच नाही, असं वाटून तो खाली मान घालून जेवायचा.

खरी पंचाईत आंब्याची होती. दक्षिणेच्या कोपऱ्यातला तो आंबा चेचीने स्वतःच्या चितेसाठी राखला होता. फांदी तोडली तरी भांडायची. आता घरच्या मयताला घरचंच लाकूड हवं, पण तिच्याकडे ते मागायचं कोणत्या तोंडाने? गुरुवारी वेलायुधन दिवसभर त्या झाडाभोवती घुटमळत राहिला.

संध्याकाळी चेचीच बाहेर आली आणि मुरुगेशनला म्हणाली, “तो आंबा पाडून टाक. आणि त्या कोपऱ्यात फरशी नको. तिथे मला माड लावायचाय.”

वेलायुधन गर्रकन वळला. असा माड लावतात तो चितेच्या जागी.

“चेची, तुला कळलंय?”

“कळलंय रे. केव्हाच कळलंय.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू एवढा राबत होतास. तेवढ्याने तरी तुझा जीव थाऱ्यावर होता.” तिने त्याच्या पाठीवरची धूळ झटकली. “उद्या मी तुझ्याजवळच उभी राहीन, वेलू. घाबरू नकोस.”

जिचा पोटचा पोर गेला, तीच मला धीर देतेय. वेलायुधनला भडभडून आलं. मनात आलेला तो विचार तिला सांगून टाकावा, तिचे पाय धरावेत, असं त्याला फार वाटलं. पण तो वळून फरशीचे तुकडे गोळा करू लागला.

शुक्रवारी सकाळी अंगण माणसांनी भरलं. ॲम्ब्युलन्स फाटकातून वळली आणि एकही धक्का न बसता दारापर्यंत आली. हम्सा गर्दीतून वाट काढत वेलायुधनच्या अगदी पाठीशी येऊन उभा राहिला. चेचीने भावाचा दंड घट्ट धरला.

शाजीला आधार द्यावा म्हणून वेलायुधन पुढे सरकला. ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं आणि मणिकंठन खाली उतरला.