आधी टकटक

जंगल तोडून रबराचा मळा केला तसा झरा आटला, पाखरं गेली. तरी चीक काढणारी मावशी सुरी लावण्याआधी प्रत्येक खोडावर दोनदा टकटक करायची.

“आत कोणाचं बिऱ्हाड आहे?” मुकादम हसला.

“आमची रीत आहे,” मावशी ताठ मानेनं म्हणाली. “हत्यार लावण्याआधी राहणाऱ्याला निघायला सांगायचं. आम्हाला इथून हाकललंत, तेव्हा तुम्ही दारही वाजवलं नाहीत.”

मुकादम पाठ फिरवून निघाला. त्याच जंगलाच्या फळ्यांनी बांधलेल्या कचेरीत शिरून त्यानं दार लावलं.

टक टक.

त्यानं दार उघडलं. मावशी लांब झाडापाशी हाताची घडी घालून उभी होती.

टक टक. आता पायाखालून. मग चारी भिंतींतून.

“निघा, मुकादम,” मावशीनं तिथूनच हाक दिली. “आमचं जंगल रीत सोडत नाही.”